ब्लॅकपिंक नेरुळला का आली नाही, आणि आली तर मुलीला कुठे उभं करावं?

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी नववीत, ब्लॅकपिंक या चार मुलींच्या कोरियन गटाची कट्टर चाहती. तिचं म्हणणं असं, की कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड नवी मुंबईत नेरुळला तीन कार्यक्रम करून गेला, मग या चौघी बँकॉक, जाकार्ता, सिंगापूर करून आपल्याला वळसा घालून का गेल्या? आपल्याकडून मागणीच कमी पडली, या समजुतीने तिने शाळेत सह्या गोळा करायला घेतल्यात. ताईंना स्वतःला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: पुढच्या दौऱ्यात त्या आल्याच, तर मुलीला पुढच्या उभ्याच्या जागेत पाठवावं का? आणि ती पेटणारी गुलाबी काठी घेऊन द्यावी का?

ताई, मी रिगर आहे. मंचाच्या वर जे जे लटकतं, म्हणजे दिवे, स्पीकर, मोठे एलईडी पडदे आणि ते ज्यांवर बसवतात त्या धातूच्या जाळीदार तुळया, म्हणजे ट्रस, ते टांगायचं आणि कार्यक्रम संपल्यावर सगळं धडपणे खाली आणायचं, हे माझं काम. सुरुवात गडकरी रंगायतनला नेपथ्य लावणाऱ्यांच्या हाताखाली झाली, आता रबाळे एमआयडीसीत गाळा आहे. चोवीस वर्षं झाली. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर गाण्यांत सापडणार नाही, ते लोखंडात आणि कॅलेंडरात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सह्यांचं. मुलीला सांगा, मागणी कमी नव्हती आणि नाही. 22 सप्टेंबर 2024 ला कोल्डप्लेची तिकिटं विक्रीला आली तेव्हा 1 कोटीहून जास्त लोक ऑनलाइन रांगेत होते. त्यातली निम्मी माणसं नुसती गंमत बघायला आली होती असं धरलं तरी नेरुळचं मैदान कितीतरी वेळा भरेल. आपल्या भागात ऐकणारे आहेत हे जगातल्या प्रत्येक टूर मॅनेजरला आता ठाऊक आहे. स्टेडियमचा दौरा कुठे थांबणार, हे मोकळ्या दिवसांवर ठरतं. कार्यक्रमाचे दोन दिवस तर सगळेच मोजतात. मी म्हणतोय ते त्याच्या आधीचे पाच-सहा आणि नंतरचे दोन-तीन.

आता तिच्याकडे दौऱ्याच्या तारखा पाठ असतीलच. त्या एका कागदावर लिहायला सांगा आणि शेजारी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या तारखा लिहा. ब्लॅकपिंकची डेडलाइन टूर 5 जुलै 2025 ला कोरियात गोयांगला सुरू झाली आणि 26 जानेवारी 2026 ला हाँगकाँगला संपली. 16 शहरं, 33 कार्यक्रम. जुलै-ऑगस्ट अमेरिका आणि युरोपात गेला. त्या दिवसांत आपल्याकडे उघड्या मैदानात मंच उभारायचं नावही कुणी काढत नाही. मग आशिया. तैवानमधलं काओशुंग 18 आणि 19 ऑक्टोबर, बँकॉक 24 ते 26 ऑक्टोबर, जाकार्ता 1 आणि 2 नोव्हेंबर.

त्याच दिवसांत नेरुळला काय चाललं होतं? महिला क्रिकेटचा विश्वचषक. 20, 23 आणि 26 ऑक्टोबरला साखळी सामने, 30 तारखेला उपांत्य सामना, जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद 127 करून ऑस्ट्रेलियाला हरवलं तो, आणि 2 नोव्हेंबरला अंतिम सामना. म्हणजे ज्या रात्री या चौघी जाकार्तात दुसरा कार्यक्रम करत होत्या, त्याच रात्री आपल्या मुली नेरुळला विश्वचषक उचलत होत्या. ते मैदान त्या महिन्यात कुणालाही मिळालं नसतं, आणि मिळायला नको होतं असं मी मनापासून म्हणतो.

आणखी एक गोष्ट त्या कागदावर लिहून ठेवा. 26 ऑक्टोबरचा भारत-बांगलादेश सामना पावसाने धुऊन नेला आणि अंतिम सामनाही पावसामुळेच उशिरा सुरू झाला. क्रिकेटमध्ये खेळपट्टी झाकतात आणि वाट बघतात. मंचावर वीज आणि उंचावर टांगलेलं वजन असतं. वाऱ्यासह पाऊस आला की आम्हाला स्पीकर आणि पडदे खाली घ्यावे लागतात, आणि एकदा खाली घेतलं की त्या रात्री ते पुन्हा वर जाईलच असं नाही. सिंगापूरच्या नॅशनल स्टेडियमला सरकतं छप्पर आहे, तोक्यो डोम बंद आहे, हाँगकाँगचं काई ताकही छपराचं आहे. बँकॉक आणि जाकार्ता उघडे आहेत, त्यांनी तो धोका पत्करला. पण दौऱ्याचा विमा काढणारा माणूस हे सगळं बघतो.

मुलगी हुशार असेल तर इथे अडवेल: जाकार्ता 2 नोव्हेंबरला संपलं आणि फिलिपाइन्समधलं बुलाकान 22 ला होतं, मग मधले जवळपास तीन आठवडे रिकामेच होते की! बरोबर आहे. म्हणून आता सामानाचा हिशेब मांडतो.

जाकार्ताच्या कार्यक्रमानंतर सामान उतरवून कंटेनरमध्ये भरायला दोन दिवस. तिथून जहाजाने न्हावा शेवा गाठायला आठवडा तरी लागतोच, बंदराची रांग वेगळी. मग कस्टम्स. परदेशी दौऱ्याचं सामान विकायला येत नाही, ते येऊन परत जाणार असतं, म्हणून त्यावर एटीए कार्ने नावाचा दस्त असतो. त्यात प्रत्येक वस्तू नोंदलेली असते. माइक 14 लिहिले असतील तर आत 14 यायला हवेत आणि जाताना 14 च जायला हवेत. एकदा आमच्याकडे यादीतला एक छोटा ट्रान्समीटर सापडेना. मुठीत मावेल एवढी वस्तू. त्यापायी तीन ट्रक पहाटे चारपर्यंत उभे होते. शेवटी तो एका गिटारवाल्याच्या जॅकेटच्या खिशात सापडला. अशा अडचणींचे दोन दिवस आधीच धरून चालावं लागतं. म्हणजे पंधरा तारीख उजाडली. मंच उभारायला पाच दिवस, झाली वीस. आणि 22 ला त्यांना बुलाकानला उभं राहायचं आहे. बसत नाही.

विमानाने आणता येतं. मोठे दौरे दिवे, कन्सोल (आवाज आणि दिवे चालवायची टेबलं), वाद्यं, कपडे हे विमानानेच हलवतात. पण मंचाचा लोखंडी सांगाडा विमानाने आणणं परवडत नाही. तो एक तर जहाजाने येतो किंवा त्या त्या देशात भाड्याने घेतात. आपल्याकडे सभा-समारंभांचं लोखंड ढिगाने आहे, शेकडो लोकांच्या लग्नाला रातोरात मांडव उभा करणारी माणसं आहेत. पण डोक्यावर साठ-सत्तर टन पेलून वाऱ्यातही न हलणारं, मोजमापाची कागदपत्रं असलेलं लोखंड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी आहे. हे बदलायला हवं, आणि हळूहळू बदलतंय.

युरोपात त्यांनी काय केलं ते बघा. पॅरिस 2 आणि 3 ऑगस्ट, मिलान 6, बार्सिलोना 9. पॅरिसचा कार्यक्रम रात्री संपतो आणि तिसऱ्या दिवशी मिलानला पडदा उघडतो. मंच उभारायला पाच दिवस लागत असतील तर हे जमलं कसं? असे दौरे सांगाड्याचे दोन-तीन संच घेऊन निघतात. पहिला पॅरिसला वापरात असताना दुसरा मिलानला उभा राहत असतो आणि तिसरा बार्सिलोनाच्या वाटेवर असतो. दिवे, आवाज, पडदे आणि माणसं मात्र एकच, ती एका मंचावरून दुसऱ्यावर जातात. नाटकवाल्यांना हे समजायला वेळ लागत नाही. दुपारी ठाण्यात गडकरीला प्रयोग, रात्री डोंबिवलीला सावित्रीबाई फुलेमध्ये. बसच्या टपावर नेपथ्य बांधून शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला मुलगा मीच होतो. तेव्हा आमचे निर्माते म्हणायचे, दुसरा सेट असता तर डोंबिवलीत आधीच लागला असता. युरोपात तो दुसरा सेट महामार्गाने रात्रीत पोचतो. आपल्याला मात्र आशियाच्या एका टोकाला समुद्र ओलांडून सामान आणावं लागतं, आणि आजूबाजूला त्याच दौऱ्यातलं दुसरं शहरही नसतं, की एका खर्चात दोन ठिकाणं उरकावीत. कोल्डप्लेने नेरुळनंतर चार दिवसांनी अहमदाबाद केलं, 25 आणि 26 जानेवारी 2025 ला. त्या दोन शहरांमुळेच हा हिशेब बसला असं माझं मत आहे. मुंबईला एकटं आणणं महाग, जोडीने आणलं की परवडतं.

पुन्हा ब्लॅकपिंककडे. जानेवारी 2026 मध्ये तोक्यो 16 ते 18 आणि हाँगकाँग 24 ते 26. त्या महिन्यात नेरुळला 9 तारखेपासून महिला प्रीमियर लीगचे सामने होते. म्हणजे तोही महिना गेला.

गवताचं कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. कार्यक्रमासाठी मैदानावर प्लॅस्टिकच्या जाड फळ्या अंथरतात, त्यांवर प्रेक्षक उभे राहतात. त्याखाली गवताला ऊन-वारा मिळत नाही, चार-पाच दिवसांत ते पिवळं पडायला लागतं. मधल्या खेळपट्टीच्या चौकोनावर तर बूटही टेकवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मैदान सांभाळणारा माणूस फळ्यांची एक कड उचलून हात आत घालून माती चाचपताना मी पाहिलाय. तो घाम पुसत म्हणाला, ‘उद्या दुपारपर्यंत काढा, नाहीतर मला तीन आठवडे लागतील.’ आम्ही सकाळीच काढल्या. क्रिकेटच्या हंगामात स्टेडियमवाले नाही म्हणतात त्यामागे असा माणूस असतो.

आता या चौघींच्या मंचाबद्दल, कारण मुलींच्या गटाचा मंच रॉक बँडपेक्षा वेगळा असतो आणि माझा जीव त्यातच जास्त गुंततो. बँड एका जागी उभा राहून वाजवतो. जिसू, जेनी, रोझे आणि लिसा दोन तास नाचतात, उंच टाचांच्या बुटांत. मुख्य मंचापासून प्रेक्षकांत जाणारा लांब रॅम्प, टोकाला दुसरा छोटा मंच, जमिनीतून वर आणणाऱ्या लिफ्ट, पायाखाली पेटणारा पडदा. म्हणजे वरच्या वजनाइतकीच खालच्या जमिनीची काळजी. फळीफळीतली फट तीन मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर मी ती पुन्हा बसवायला लावतो. त्यात टाच अडकली तर घोटा जातो.

नेरुळला डिसेंबर-जानेवारीत मोकळ्या मैदानात संध्याकाळनंतर दव पडतं. क्रिकेटमध्ये गोलंदाज चेंडू पुसत बसतात ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. तेच दव मंचाच्या चकचकीत काळ्या फरशीवर बसतं आणि दिव्यांच्या उजेडात दिसत नाही. हात टेकवला की कळतं, तळव्याला गार, गुळगुळीत थर लागतो. आमच्याकडची चार पोरं फक्त पंचे घेऊन बसलेली असतात. दोन गाण्यांच्या मध्ये अंधार झाला की ओणवं पळत जाऊन रॅम्प कोरडा करायचा आणि उजेड यायच्या आत विंगेत. हे काम मी नवशिक्याला देत नाही. त्याला गाणी पाठ असावी लागतात, अंधार किती सेकंदांचा ते माहीत असावं लागतं.

मंचाच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवायला कुणी आळस केला तर माझा आवाज चढतो, त्याचं कारण आहे. 25 डिसेंबर 2019 ला सोलमध्ये रेड वेल्वेट या मुलींच्या गटातली वेंडी तालमीच्या वेळी उंच मार्गिकेवरून खाली पडली. पाय ठेवायला जिथे लिफ्ट असायला हवी होती, तिथे ती नव्हती. कमरेचं हाड आणि मनगट मोडलं, कित्येक महिने ती मंचापासून दूर राहिली. आणि 28 जुलै 2022 ला हाँगकाँगमध्ये मिरर या मुलांच्या गटाच्या कार्यक्रमात वर टांगलेला भला मोठा पडदा तार तुटून नाचणाऱ्यांवर कोसळला, एका नर्तकाच्या मानेला जबर इजा झाली. ती चित्रफीत मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी दाखवतो. मग त्याच्या हातात एक शॅकल, म्हणजे तार अडकवायची पिनेची लोखंडी कडी, देतो आणि बोट फिरवायला सांगतो. नव्या शॅकलला कड गुळगुळीत लागते, ताण खाल्लेल्याला पिनेजवळ केसासारखी रेघ नखाला अडते. जी रेघ नखाला अडली ती डोळ्यांनी दिसो न दिसो, तो शॅकल भंगारात. टांगलेली प्रत्येक गोष्ट पेलणाऱ्या तारेची आणि शॅकलची ताकद त्या गोष्टीच्या वजनाच्या किमान पाचपट हवी आणि त्या गोष्टीला दुसरी, वेगळी तार हवी, पहिली सुटलीच तर दुसरीने धरायला.

एक दहा वाजताचा नियम राहिला. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नको, सरकार वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट देतं, पण त्यावर कुणी परदेशी दौरा आखत नाही. स्टेडियमला लागूनच रुग्णालय आहे, त्यामुळे मला तो नियम पटतो. म्हणून आपल्याकडे कार्यक्रम लवकर सुरू होतात. याचा थेट परिणाम तुमच्या प्रश्नावर होतो, कारण प्रेक्षक दुपारपासूनच उन्हात असतात.

तर उभ्याच्या जागेबद्दल. चौदा वर्षांच्या मुलीला एकटीला अगदी पुढे नको. आधी तिकिटावरची वयाची अट नीट वाचा, अनेक कार्यक्रमांत उभ्याच्या भागात लहान वयाला प्रवेशच नसतो. पण अट नसली तरी माझं मत तेच राहील.

त्यामागे एक संध्याकाळ आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात एका मैदानावर कार्यक्रम होता. आयोजकांनी पैसे वाचवायला पुढच्या बाजूला बांबूचं कुंपण घातलं होतं. मी वर दिव्यांच्या ट्रसवर होतो, खालचं सगळं दिसत होतं. गायिका मंचाच्या डाव्या बाजूला आली आणि गर्दी एका लाटेसारखी तिकडे सरकली. ढकलत कुणीच नव्हतं. प्रत्येकाने फक्त एक पाऊल टाकलं होतं. बांबू वाकला. पुढच्या रांगेतली एक मुलगी, असेल चौदा-पंधराची, तिचे दोन्ही हात खाली अडकले होते आणि चेहरा पांढराफटक. तिला ओरडता येत नव्हतं, कारण छाती फुगवायलाच जागा नव्हती. मी वरून आवाज मिक्स करणाऱ्याला खूण केली, त्याने संगीत बंद केलं, दोन सुरक्षारक्षकांनी तिला काखेत धरून वरून ओढून काढलं. तिने सकाळपासून वेफर्सचं एक पाकीट खाल्लं होतं. एक चप्पल तिथेच राहिली. ती वाचली. मी अजून कधी कधी त्या चपलेचा विचार करतो.

गर्दी किती झाली हे ओळखायची एक पद्धत सांगतो, घरी करून बघा. दोन फुटी लाद्या असतील तर तीन लाद्या म्हणजे साधारण एक चौरस मीटर. त्यावर घरातली चार माणसं उभी करा. हात हलवता येतात, वळता येतं. हे ठीक. पाचवं आणि सहावं माणूस घ्या. आता खांदे लागले, वळायचं तर परवानगी मागावी लागते. सातवं घेतलं की आपला तोल आपला राहत नाही, शेजारचा हलला की आपण हलतो. मुलीला हे एकदा अंगाने कळू द्या. मैदानात सहाव्या माणसासारखं वाटायला लागलं की तिने थांबायचं नाही, गाणं कितीही आवडीचं असो. आणि मागे सरळ जायचं नाही, तिरकं बाजूला सरकायचं, लाट परतताना दोन पावलं, मग पुन्हा दोन. हात कोपरात वाकवून छातीपुढे धरायचे. खाली पडलेला फोन उचलायला वाकायचं नाही. फोन पुन्हा घेता येतो.

जायचंच असेल तर तुम्ही सोबत जा आणि साउंड कन्सोलच्या मागे उभ्या राहा. मैदानाच्या मधोमध तो कठड्याने घेरलेला मचाण असतो. आवाज तिथेच सगळ्यात स्वच्छ असतो, कारण मिक्स करणारा तिथे बसूनच ऐकतो. मंचासमोर अगदी पुढे उभं राहिलात तर मुख्य स्पीकर डोक्यावरून मागे जातात आणि पायाजवळच्या बेसने पोट हादरतं, शब्द कळत नाहीत. खूप मागे असाल तर एक वेगळीच गंमत असते: आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणून शंभर मीटरवर तो पडद्यावरच्या ओठांपेक्षा पाव सेकंदाहून थोडा जास्त उशिरा पोचतो. त्यासाठी मध्ये आणखी स्पीकरचे खांब लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. मुलगी विज्ञानाची असेल तर तिला हे मोजायला सांगा.

चौघींचा नाच बघायचा असेल तर माझी पसंती बाजूच्या स्टँडमधल्या खुर्चीला आहे. रॅम्पची सगळी लांबी तिथून दिसते, नाचाची आखणी वरून उलगडते. जमिनीवरून पुढच्या माणसाचा फोन दिसतो.

कानाचं मात्र गंभीरपणे घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी आवाजाची मर्यादा दिली: 15 मिनिटांच्या सरासरीत 100 डेसिबलपेक्षा जास्त नको. आणि शंभरच्या आसपास विनासंरक्षण रोज पंधरा मिनिटांहून जास्त राहू नये, असं कामाच्या जागेसाठी सांगतात. कार्यक्रम दोन तासांचा असतो. कोल्डप्लेच्या वेळी ठाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने नोटीस काढली, त्यात लहान मुलांच्या कानांचाही मुद्दा होता. माझ्या डाव्या कानात संध्याकाळी बारीक शिट्टी वाजते, चोवीस वर्षांची कमाई. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, त्यांत गाणं कळतं, फक्त धार कमी होते. घरी एकदा लावून बघा, नीट बसतात का. कापसाचे बोळे चालत नाहीत.

जेवून जा. पाणी आत नेऊ देणार नाहीत, पण पुढे रक्षक पाणी देत असतात, मागायला लाजायचं नाही. बंद बूट घाला. तुमचा नंबर तिच्या हातावर पेनने लिहा, कारण पन्नास हजार फोन एका ठिकाणी आले की नेटवर्क जातं. भेटायची जागा आधीच ठरवा, ‘गेटजवळ’ असं नको, गेटचा नंबर आणि कुठला खांब ते सांगा. परतीला गाडी नेऊ नका. सायन-पनवेल महामार्गाची ती बाजू कार्यक्रमाच्या दिवशी अडते, अवजड वाहनांना बंदी असते आणि रिक्षा मिळत नाही. नेरुळहून ट्रान्सहार्बरने थेट ठाणं गाठता येतं, तिथून कळवा एकच स्टेशन. फक्त कार्यक्रम संपल्या संपल्या स्टेशनला धावू नका. शेवटचं गाणं झाल्यावर खुर्चीत बसून राहा, वीस-पंचवीस मिनिटांनी जिने मोकळे होतात. तेवढ्या वेळात आमची पोरं मंचावर चढलेली असतात. मुलीला ते बघू द्या. चौघींचा मंच उतरायला लागतो तेव्हा आधी मोटरच्या साखळ्यांचा किरकिर आवाज येतो आणि आख्खा दिव्यांचा ट्रस सावकाश माणसांच्या उंचीवर येतो. गडकरीत पहिल्यांदा पडदा वर जाताना विंगेतून पाहिला होता तेव्हा मला जे वाटलं होतं ते अजून दर वेळी वाटतं.

सह्यांच्या कागदाचं काय करायचं? फेकू नका. पण सह्या ज्यांना द्यायच्या ते कोरियात बसलेले नाहीत. मैदानाचे दिवस, छपराचं सभागृह आणि मालाला लवकर मिळणारी परवानगी या गोष्टी इथेच ठरतात. ठाणे-नवी मुंबईत वीस हजार माणसं बसतील असं छपराचं सभागृह आज एकही नाही. ते असतं तर पावसाळा, दव, गवत आणि दहाचा नियम हे चारही प्रश्न एकदम सुटले असते आणि मुलींचे मध्यम आकाराचे गटही सहज आले असते. मुलीने तेच लिहून महापालिकेला आणि सिडकोला द्यावं. नववीतल्या मुलीचं पत्र आहे म्हणून कुणी बाजूला ठेवणार नाही, उलट वाचतील.

आता काठी. अस्सल लाइटस्टिक ब्लूटूथने तिकिटाच्या आसनक्रमांकाशी जोडता येते. मग तुमची मुलगी बसलेल्या खुर्चीतली काठी कधी पेटायची ते कन्सोलवरचा माणूस ठरवतो आणि आख्ख्या स्टँडमध्ये एक लाट फिरते. दोनशे रुपयांची नक्कल नुसती पेटते, जोडली जात नाही. कार्यक्रम ठरलेला नसताना एवढे पैसे घालू नका, तिकीट हातात आल्यावर घ्या, कारण नव्या दौऱ्याला कधी कधी नवी आवृत्ती निघते आणि जुनी जोडली जाईलच असं नसतं. आधीच घेतली असेल तर आतले सेल काढून वेगळे ठेवायला सांगा. आपल्या पावसाळ्यात ते कपाटातल्या कपाटात फुगतात आणि पाणी सोडतात. मग आतली पितळी पट्टी हिरवी पडते आणि ऐन कार्यक्रमात काठी पेटत नाही.